ओटीवरील तबकडी

मार्गशीर्ष सरत आला की नंदुरबार शहराबाहेरची भूमी लाल होते. जिकडे दृष्टी टाकावी तिकडे मिरचीच्या पथारी. हजारो मण ओली मिरची उन्हात पसरलेली असते, आणि वारा सुटला की तिचा खकाणा पेठेतील घराघरांत शिरतो. पाहुणा असेल तर तो शिंकून शिंकून बेजार होतो. आम्हां गावकऱ्यांस मात्र त्या वासावाचून हिवाळा आला असे वाटत नाही. अशा या दिवसांत, डोळ्यांस मिरचीचे पाणी येत असता, आमच्या ओटीवर कित्येक वर्षे एक परदेशी गायक शुभ्र बर्फाचे गाणे गात असे. तो गायक, ते गाणे ज्या तबकडीवर आहे ती तबकडी, आणि ती आमच्या घरी आणणारे आमचे एक सहाध्यापक, या तिघांविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. वाचकांस विषय थोडा परका वाटेल. आम्हांसही तो पुष्कळ दिवस तसाच वाटत होता.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. संस्कृत वडिलांच्या हाताखाली घोकलेले. उभा जन्म शाळेत मराठी व संस्कृत शिकविण्यात गेला. इंग्रजी गाण्याशी आमचा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. परंतु १९७६ साली आमच्या वडील बंधूंनी सुरतेहून एच. एम. व्ही. चे ‘फिएस्टा’ नावाचे तबकडीचे यंत्र आणले. बंधूंस नाट्यसंगीताचे वेड. घरात बालगंधर्वांच्या व मास्टर दीनानाथांच्या तबकड्या होत्या. त्या रविवारी दुपारी लागत व घरातील सारी मंडळी कामे टाकून ऐकत. यंत्र आल्याची वार्ता शाळेत पसरावयास वेळ लागला नाही.

१९८१ साली आमच्या शाळेत एक नवे गणितशिक्षक आले. ते नवापूर तालुक्यातील एका खेड्याचे, मावची समाजाचे व धर्माने ख्रिस्ती. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियातून आलेल्या मिशनऱ्यांनी खानदेशाच्या या पश्चिम भागात शाळा काढल्या, दवाखाने काढले. त्यांच्या वडिलांनी त्यांतील एका शाळेत अक्षरओळख केलेली. गृहस्थ मितभाषी, गणितात पक्के, अक्षर मोत्यांसारखे. दुसऱ्या वर्षी डिसेंबरात एके दिवशी मधल्या सुटीत ते आमच्याजवळ आले व संकोचाने म्हणाले, “सर, तुमच्याकडे यंत्र आहे असे ऐकतो. माझ्याकडे एक तबकडी आहे, पण ती मी अजून ऐकलेली नाही.”

ती तबकडी त्यांस मायदेशी परतणाऱ्या एका परिचारिकाबाईंनी निरोपाची भेट म्हणून दिली होती. सहा वर्षे ती त्यांच्या पेटीत धोतराच्या घडीत गुंडाळून ठेवलेली होती. जवळ गाणे आहे, ते कोणते हे पाठीमागच्या अक्षरांवरून ठाऊक आहे, आणि कानांनी मात्र ते कधी ऐकलेले नाही, ही स्थिती आम्हांस मोठी विलक्षण वाटली. आम्ही तत्काळ म्हणालो, “उद्याच या.”

घरी आल्यावर मात्र आम्हांस आमच्या उतावीळपणाची आठवण झाली. घर एकत्र, मातोश्री हयात, सोवळे कडक. ख्रिस्ती मनुष्य माजघरात येणे शक्य नव्हते. शेवटी बंधूंनी तोड काढली. यंत्र उचलून ओटीवर आणले, विजेची तार खिडकीतून बाहेर घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी आमच्या ओटीवर ती तबकडी प्रथम फिरली.

गायकाचे नाव जिम रीव्ह्ज. संग्रहाचे नाव ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’, म्हणजे नाताळची बारा गाणी. अमेरिकेत तो १९६३ साली निघाला. हा रीव्ह्ज टेक्सास प्रांतातील एका खेड्यात १९२३ साली जन्मला. तरुणपणी त्यास बेसबॉलचा खेळाडू व्हावयाचे होते. पायाच्या दुखापतीने तो मार्ग खुंटला, तेव्हा तो रेडिओवर निवेदक झाला आणि तेथून गाण्याकडे वळला. आरंभी तो तिकडच्या ग्रामीण गायकांप्रमाणे चढ्या आवाजात गात असे. पुढे त्याने एक निराळीच रीत धरली. ओठ ध्वनिग्राहकाच्या अगदी जवळ न्यावयाचे, आवाज खाली आणावयाचा, आणि शेजारी बसलेल्या एकाच मनुष्यास सांगावे तसे गावयाचे. या रीतीने गाइलेल्या एका गीताने १९६० साली त्याचे नाव देशोदेशी गेले. अमेरिकेबाहेर त्याच्यावर जीव टाकणारे लोक कोठे कोठे निघावे? नॉर्वेत, दक्षिण आफ्रिकेत, सिंहलद्वीपात आणि आमच्या हिंदुस्थानात. आपल्याकडील कितीतरी ख्रिस्ती घरांत डिसेंबर महिना म्हणजे जिम रीव्ह्ज, असे समीकरणच होऊन बसले आहे.

हा संग्रह निघाल्यावर वर्ष होते न होते तोच, ३१ जुलै १९६४ रोजी, तो स्वतः चालवीत असलेले लहानसे विमान नॅशव्हिल शहराजवळ वादळात सापडून कोसळले. वयाची एकेचाळीस वर्षे पुरी होण्यास तीन आठवडे उरले होते. दोन दिवसांच्या शोधानंतर प्रेत हाती लागले. आमच्या ओटीवर तो गात होता तेव्हा त्यास जाऊन अठरा वर्षे झाली होती. हे आम्हांस आमच्या सहाध्यापकांनीच तबकडी संपल्यावर सांगितले.

नाताळगीतांचे असे संच काढण्याची चाल अमेरिकेत फार जुनी नाही. बिंग क्रॉस्बी या गायकाचा संच १९४५ साली निघाला आणि तो इतका खपला की पुढे प्रत्येक नामांकित गायकास आपला एकेक संच काढणे भागच पडले. एल्व्हिस प्रेस्लीने १९५७ साली काढला, नॅट किंग कोलने १९६० साली. त्यांत व्यापार आहे हे उघड आहे. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत आरत्यांच्या किती तबकड्या व फिती निघतात! व्यापार आहे म्हणून भाव नाहीच, असे मात्र म्हणता येत नाही.

तबकडीतील सगळीच गीते आम्हांस रुचली असे नाही. पहिल्या बाजूस निव्वळ मौजेची गाणी आहेत. त्यांपैकी घुंगरांच्या गाडीचे ‘जिंगल बेल्स’ आता आपल्या इंग्रजी शाळांतील बालकांसही मुखोद्गत असते. ते १८५७ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात नाताळाचा नामनिर्देशदेखील नाही. बर्फावरून घसरगाडी पळविण्याचा आनंद तेवढा आहे. सांताक्लॉजवरचे एक गीत तर आम्हांस अगदीच पोरकट वाटले. एका गीतात ‘ख्रिसमस’ शब्दाचे एकेक इंग्रजी अक्षर घेऊन त्याचा अर्थ सांगितला आहे. आमच्यासारख्या निरुक्त वाचलेल्याने त्यास हसू नये. अक्षरांतून अर्थ काढण्याची हौस आपल्याकडेही थोडी नाही.

‘व्हाइट ख्रिसमस’ची गोष्ट मात्र निराळी. शुभ्र नाताळाचे स्वप्न पाहणारे हे गीत अर्व्हिंग बर्लिन याने रचले. हा जन्माने ज्यू, रशियन साम्राज्यातून लहानपणी अमेरिकेत आलेला. ख्रिस्तजन्माचा उत्सव त्याच्या धर्माचा नव्हे. परंतु १९२८ साली ऐन नाताळच्या दिवशी त्याचे तान्हे मूल वारले होते. क्रॉस्बीने हे गीत १९४२ साली तबकडीवर गाइले, तेव्हा महायुद्ध पेटलेले होते आणि अमेरिकेचे लक्षावधी तरुण घरापासून दूर होते. पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या असा अंदाज सांगतात. गीतात दुःखाचा एक शब्द नाही. केवळ ‘पूर्वी असे असे’ एवढ्याच स्मरणाने करुण उभा राहतो. आपले साहित्यशास्त्र ज्यास ध्वनी म्हणते तो हाच.

आम्ही सहाध्यापकांस विचारले, “तुम्ही बर्फ पाहिला आहे काय?” ते हसून म्हणाले, “एकदा पाहिला. अक्कलकुवा तालुक्यात डाबला मुक्काम पडला होता. पहाटे गवताच्या काडीवर दव गोठले होते. बोट लावले तोच वितळले.” सातपुड्याच्या त्या उंच पठारावर एखाद्या कडक थंडीत असे घडते खरे, वर्तमानपत्रांतून दरवर्षी त्याचे वृत्त येते. एवढ्या भांडवलावर ते गीत ते डोळे मिटून ऐकत.

दुसऱ्या बाजूची शेवटची चार गीते भक्तीची. त्यांत ‘ओ कम ऑल यी फेथफुल’ हे मूळचे लॅटिन. ‘आदेस्ते फिदेलेस’ या नावाने ते अठराव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. सहाध्यापकांजवळ मूळ लॅटिन शब्दांचा एक कागद होता. तो त्यांनी आम्हांस दाखविला आणि आम्ही चकित झालो. ‘आदेस्ते’ म्हणजे ‘जवळ असा, उपस्थित व्हा’. त्यातील ‘एस्ते’ हे आपल्या अस् धातूचेच सहोदर. लोट्, मध्यमपुरुष, बहुवचन: स्त! आणि तेथेच ‘जन्मलेला’ या अर्थी जो शब्द आहे तो आपल्या ‘जात’ शब्दाचा चुलतभाऊ. मग ‘नाताळ’ हा शब्द तरी कोठला? पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला; त्यांचा ‘नाताल’ लॅटिन ‘नातालिस’पासून, आणि त्याचे मूळ जन् धातूच्याच कुळातले. म्हणजे आपण ज्यास परकीयांचा सण म्हणून दूर बसवितो, त्याच्या नावात आपला ‘जन्म’ बसलेला आहे. त्या रात्री हे सारे आम्ही जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितले. बंधूंनी कौतुक केले. मातोश्रींनी ताकाचे पातेले पुढे सरकविले व म्हणाल्या, “तुझा शब्द कुठला का असेना, भात वाढू की नको?”

शेवटचे गीत ‘सायलेंट नाइट’. याचे शब्द ऑस्ट्रियातील योझेफ मोर या तरुण धर्मोपदेशकाने १८१६ साली लिहिले, आणि १८१८ च्या २४ डिसेंबरला ओबर्नडॉर्फ गावच्या देवळात ते प्रथम गाइले गेले. चाल बांधणारा फ्रान्झ ग्रूबर कोण होता? शेजारच्या खेड्यातील शाळामास्तर. वाचकहो, हे वाचून आम्हांस जो अभिमान वाटला तो आपण क्षमा करावा. तेवढी एक गोष्ट आमच्या धंद्याच्या वाट्याला क्वचितच येते. दोन कंठ आणि एक गिटार, एवढ्यावर ते गाणे झाले. ठेका सहा मात्रांचा, आपल्या दादऱ्यासारखा झुलणारा.

त्या पहिल्या सायंकाळी हे गीत चालू असता मधल्या दाराची कडी वाजली. पाहतो तो मातोश्री उंबऱ्याच्या आत उभ्या. त्यांनी कान देऊन थोडा वेळ ऐकले आणि आम्हांस विचारले, “काय रे, हा पाळणा आहे का?”

आम्ही उत्तर देण्यापूर्वीच सहाध्यापक उठून उभे राहिले आणि म्हणाले, “होय माई. येशूबाळाचा पाळणा आहे.”

“म्हटलेच मी,” मातोश्री म्हणाल्या. “हा मनुष्य ओरडत नाही. मूल निजवायचे तर असेच म्हटले पाहिजे. पुन्हा लाव.”

रामनवमीस आमच्या घरी रामजन्माचा पाळणा म्हणण्याचा मान मातोश्रींचा असे. इंग्रजी एक अक्षर त्यांस येत नव्हते. पुस्तके चाळून आम्ही जे शोधले असते ते त्यांनी केवळ झुलण्यावरून ओळखले. त्या दिवसापासून तो ‘मास्तरांचा पाळणा’ झाला. पुढे दरवर्षी डिसेंबर लागला की त्या विचारीत, “मास्तर कधी यायचे आहेत? पाळणा लावायचा ना?” तबकडी आमच्याच घरी राहिली. सहाध्यापक म्हणाले, “यंत्र तुमच्याकडे, मी ती नेऊन काय करू?” दीनानाथांच्या पलीकडे तिला जागा मिळाली. शेवटच्या गीतात एका जागी चरा होता. तेथे सुई अडे व एकच शब्द फिरून फिरून येई. मग सहाध्यापक बोटाच्या टोकाने सुईस किंचित् स्पर्श करीत आणि गीत पुढे जाई. हे काम ते दुसऱ्या कोणास करू देत नसत.

येथवर लिहिले तेवढेच लिहून थांबलो असतो तर हकीकत गोड झाली असती. परंतु एक गोष्ट राहते.

आमच्या ओटीवर एक कोनाडा आहे. त्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप उपडा ठेवलेला असे. सहाध्यापक आले की आतून चहा येई. आम्हां घरच्यांसाठी कपबशा, आणि त्यांचा चहा वरून त्या कपात ओतला जाई. चहा झाला की ते उठत, ओटीच्या कडेला तांब्यातील पाण्याने कप स्वतः विसळीत, कोनाड्यात पुन्हा उपडा ठेवीत, आणि येऊन गाणे ऐकावयास बसत. मातोश्रींनी पाळणा लावण्यास सांगितला त्या सायंकाळीही असेच झाले. पुढल्या वर्षीही. आम्ही त्या वेळी शाळेत ‘आत्मवत् सर्वभूतेषु’ हे सुभाषित शिकवीत होतो आणि त्याचा अन्वय मुलांकडून तीनतीनदा लिहून घेत होतो. कप आम्हांस दिसत होता. आम्ही काही बोललो नाही. मातोश्रींचे मन दुखवू नये हे कारण आम्ही स्वतःस सांगत असू, व ते अगदीच खोटेही नव्हते. परंतु मातोश्री १९९७ साली निवर्तल्या, आणि त्यानंतरही पुढल्या डिसेंबरात कप कोनाड्यातच होता. तेव्हा कोणाचे मन दुखावणार होते? तो कप शेवटी आमच्या कुटुंबाने, आम्हांस न विचारता, एके दिवशी केरात टाकला. त्या वर्षी सहाध्यापक आले, बशीसह कप हातात घेतला, आणि सवयीने विसळावयास उठले. कुटुंबाने तो त्यांच्या हातातून घेतला. कोणी काही बोलले नाही. सुई त्या वेळी नेमकी चऱ्यावर अडली होती.

दुसरी गोष्ट आमंत्रणाची. सहाध्यापक दरवर्षी निघताना म्हणत, “सर, एकदा आमच्या गावी नाताळला या. चोवीसला रात्री भजन असते.” आम्ही “अवश्य” म्हणत असू. एका वर्षी थंडी फार, एका वर्षी घरी सुवेर, एका वर्षी परीक्षेच्या उत्तरपत्रिका. कारणांस आपल्याकडे कधी तोटा पडला आहे? नंदुरबारहून नवापूर म्हणजे ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने थोडाच वेळ. खांडबारा गेले, चिंचपाडा गेले, की नवापूर. तेथील स्थानक निम्मे महाराष्ट्रात व निम्मे गुजराथेत आहे, ते पाहावयास लांबून लोक येतात. आम्ही चाळीस वर्षांत उतरलो नाही. सहाध्यापक सेवानिवृत्त होऊन गावी गेले तरी डिसेंबरात एक दिवस येऊन तबकडी ऐकून जात. २०२२ च्या पावसाळ्यात ते वारले. त्या वर्षी २४ डिसेंबरला आम्ही, कुटुंब व धाकटी नात, असे तिघे गेलो. तबकडी पिशवीत घेतली होती.

आमची कल्पना अशी की तेथे इंग्रजी गाणी ऐकावयास मिळतील. देवळात शिरलो तो समोर पेटी, तबला, झांजा. स्त्रिया एका बाजूस, पुरुष एका बाजूस, सतरंजीवर मांडी घालून बसलेले. आणि जे भजन चालू होते त्याची भाषा आमच्या ओळखीची, वळण अभंगाचे. बाजूच्या गृहस्थांनी पुस्तक पुढे केले, ‘उपासना-संगीत’. रचणाऱ्याचे नाव पाहिले: नारायण वामन टिळक.

वाचकांस टिळक ठाऊक आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेला हा चित्पावन ब्राह्मण, ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ज्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता पिढ्यान् पिढ्या शाळांतून शिकविली गेली ते. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यायोगे घर दुभंगले, आणि पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या. ती सारी हकीकत त्या माउलीने ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेविली आहे, आणि ते पुस्तक ज्या घरी नाही ते घर वाचणाऱ्यांचे असे आम्ही म्हणणार नाही. खानदेशाचा तर टिळकांवर विशेष हक्क आहे. १९०७ साली जळगावी जे कविसंमेलन भरले, त्यात धरणगावच्या ठोंबऱ्यांचा सतरा वर्षांचा मुलगा उभा राहून कविता म्हणता झाला व ‘बालकवी’ ठरला. त्या मुलास पुढे नगरास आपल्या घरी ठेवून घेऊन पोटच्या पोरासारखे वागविणारे टिळकच.

आम्ही तीस वर्षे टिळकांची कविता शिकविली. ‘रेव्हरंड’ हा शब्द नावाआधी आला की तो झपाट्याने उच्चारून पुढे जात असू. त्यांनी लिहिलेली भजने कोठे, कोण, कोणत्या चालीवर म्हणतो, हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. आणि येथे, ज्यांच्या घरी मावची बोलतात त्या शेतकरी बायका, टिळकांचे मराठी, जोडाक्षरे न चुकविता, डोळे मिटून म्हणत होत्या. आमच्या वर्गातील कितीएक मुलांचे उच्चार इतके शुद्ध नव्हते.

ही परंपरा टिळकांपासूनची आहे असेही नव्हे. मराठीत ख्रिस्तजन्म गाणारा पहिला मोठा कवी इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आला, येथली भाषा शिकला, आणि ‘क्रिस्तपुराण’ हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ त्याने रचिला. १६१६ साली तो राशोल येथे छापला गेला. तुकोबा त्या वेळी बाल्यावस्थेत होते. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत बेथलेहेमचे बाळ त्या काळीच येऊन निजले होते. आणि आपल्या गीर्वाणभाषेतही केरळातील पी. सी. देवस्य यांनी ‘क्रिस्तुभागवतम्’ हे महाकाव्य लिहिले; त्यास १९८० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हे आम्हांस संस्कृत शिकवीत असता ठाऊक असावयास हवे होते. सेवानिवृत्त झाल्यावर कळले.

भजन संपल्यावर आम्ही सहाध्यापकांच्या घरी गेलो. शेणाने सारविलेले अंगण, दारावर कागदी चांदणी, आत दिवा. त्यांच्या पत्नीने आम्हांस पाटावर बसविले. आमच्या कुटुंबास त्यांनी कुंकू विचारले नाही, परंतु हातात केळी दिली. मग त्या आम्हांस म्हणाल्या, “तुमच्या आईंचा पाळणा आणला का?”

आम्हांस क्षणभर अर्थबोध झाला नाही. त्यांनी सांगितले की त्या घरी त्या गीतास कोणी इंग्रजी नावाने ओळखतच नव्हते. सहाध्यापक दरवर्षी नंदुरबारहून परतले की मुलांस सांगत, “सरांच्या आईंचा पाळणा ऐकून आलो.” आमच्या घरी तो मास्तरांचा, त्यांच्या घरी तो आमच्या आईंचा. इतकी वर्षे दोन्ही घरांत एकच तबकडी अशी नांदत होती. कपाविषयी त्यांनी घरी काही सांगितले होते की नाही, हे आम्ही विचारले नाही. त्यांच्या सुनेने चहा आणला. सगळ्यांचे कप एकसारखे होते.

तबकडी पिशवीतून काढली, पण ती लावावी कशावर? त्या घरी यंत्र नव्हते, कधीच नव्हते. तेव्हा त्यांच्या नातवाने भ्रमणध्वनी काढला, बोटाने दोन-चार अक्षरे टिपली, आणि जिम रीव्ह्ज गाऊ लागला. आवाज स्वच्छ होता. जेथे चरा होता ती जागा जवळ आली तसे आम्ही, कुटुंब आणि सहाध्यापकांच्या पत्नी, तिघेही नकळत थांबून राहिलो. गीत न अडता पुढे निघून गेले.

निघताना आम्ही तबकडी त्यांच्या मुलाच्या हाती दिली. त्याने ती पाहिली, मळक्या वेष्टनावरून हात फिरविला आणि परत दिली. म्हणाला, “काका, यंत्र तुमच्याकडे आहे. बाबांची जागा तिथेच आहे. डिसेंबरात मी येईन.”

२०२३ च्या डिसेंबरात तो आला. यंत्राची सुई झिजली होती. मिळेना, म्हणून बंधूंच्या मुलाने ती मुंबईहून मागविली. ओटीवरून यंत्र आता माजघरात आणले आहे. बाहेर मिरचीचा खकाणा होता, म्हणून सूनबाईने खिडक्या लावून घेतल्या. शेवटच्या गीतात सुई अडली, तेव्हा आमची धाकटी नात उठली, आणि त्याने तिला बोट कसे व किती लावावयाचे ते दाखविले.